मध्ये काहीही चालतं

सेंट मार्गारेट्स होपच्या धक्क्यावर
वारा पडेपर्यंत फेरी सुटणार नव्हती.
रांगेत आमची गाडी नववी.
मागच्या सीटवर दोन म्हातारे, दोन दारांना चिकटून,
आणि मध्ये विल्यमिनाआत्यासाठी घेतलेली फुलं,
सीटबेल्ट लावून बसवलेली.
पलीकडच्या किनाऱ्यावर उद्या तिला पुरायचं होतं.

एकोणीस वर्षांचा अबोला.
थोरा नावाची बोट होती, खेकड्यांचे सापळे टाकणारी, आजोबांची.
विकणार नाही असा मान्सीकाकानं शब्द दिला होता,
आणि विकली.
मग शब्दानं शब्द वाढत गेला,
मग एकही उरला नाही.
एकमेकांना पाण्यात पाहणं म्हणजे काय
हे ऑर्कनीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
पाहायला दुसरं आहे काय तिथे?

पुढच्या व्हॅनची नंबरप्लेट मी मोठ्यानं वाचली,
शांतता सोसवेना म्हणून:
डब्ल्यू, के, डी.

हा आत्याचा खेळ.
बिस्किटांच्या डब्यात वर्तमानपत्रातली अक्षरं कापून ठेवलेली,
ती न बघता तीन काढायची,
आणि हे दोघे, एका पांघरुणात, शब्द शोधायचे.
अक्षरं त्याच क्रमानं आली पाहिजेत.
मध्ये काहीही चालतं.
लांब शब्द जिंकतो.

"वीकेंड," मान्सीकाका खिडकीला म्हणाला.
सात.
"विकेडनेस," वडील दुसऱ्या खिडकीला.
दहा.
मला सुचला होता ऑकवर्ड.
सातच अक्षरांचा, पण गाडीभर पसरलेला.

पलीकडच्या रांगेत मेंढ्यांचा ट्रक. एन, टी, एम.
वडील म्हणाले सेंटिमेंटल, अकरा,
तोंडात खडा आल्यासारखे.
त्यानंतर बराच वेळ फक्त मेंढ्याच बोलल्या.
"अँटिमकॅसर," मान्सीकाका. "बारा."
"असा शब्द नाही."
"आईच्या खुर्चीच्या पाठीवर होता.
लेसचा. तू त्यावर शाई सांडलीस."
"तू सांडलीस."
मी आरशात पाहिलं नाही.
वायपर उगाच एकदा फिरवला.

मग एक लाल गाडी उशिरा आली,
आणि फेरीवाल्या पोरानं हात हलवत
तिला नेमकी आमच्या पुढ्यात घुसवली.
एफ, जी, व्ही.
ही मी वाचली नाही.
पण दोघांच्याही मोतीबिंदूंची ऑपरेशनं झालेली आहेत.

"अनफर्गिव्हेबल."
वडिलांनी लगेच काढला,
घडी घालून खिशातच ठेवलेला असावा तसा.
"बारा."

काचेवर खारं पाणी येऊन आपटत होतं.
मान्सीकाकाला वेळ लागला.
त्याच्या डाव्या हाताचं एक बोट
थोराच्या विंचनं नेलं,
तेव्हापासून त्याची मोजणी तिथे येऊन अडखळते.
"फर्गिव्हनेस," तो म्हणाला. पुन्हा मोजलं. "दहा."

वडिलांनी घसा खाकरला.
"अकरा. शेवटी एस दोन असतात."

"तरी हरलोच."

"हरलासच."

बस, एवढंच झालं.
कुणी कुणाचा हात धरला नाही.
वडिलांनी थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला,
आणि फुलांच्या वरून, न बघता, पलीकडे धरला.
थोडा सांडला कागदावर.
कुणी सांडला यावर
यावेळी वाद झाला नाही.

गुण कुणी लिहिले नाहीत. ते काम आत्याचं होतं,
ती पेन्सिल जिभेवर ओली करून लिहायची
आणि धाकट्याला चोरून एखादा जास्त द्यायची,
असं वडील नेहमी म्हणत आले.
वडील थोरले.

दीड तासानं फेरीनं जबडा उघडला.
आत पोरांनी गाड्या इतक्या खेटून लावल्या
की पुढची पाटी मला दिसेचना,
नुसती लाल डिकी.
इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला.
मागून वडिलांचा आवाज, चिडलेला:

"गप्प का? अक्षरं वाच की."